अर्ज ज्याचा त्यानेच करावा

परवा एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलगा पदवीधर, दृष्टी फार मंद, एका सरकारी कचेरीत लेखनिक म्हणून नुकताच लागलेला. संगणकावरील अक्षर दिसत नाही, म्हणून साहेबांनी त्यास टपालावर शिक्के मारावयास बसविले आहे. ही सारी हकीकत वडिलांनी सांगितली. मुलगा शेजारी मुकाट बसून होता. "आपण साहेबांकडे एक शब्द टाकावा," एवढीच वडिलांची विनंती.

आम्ही शब्द टाकला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. त्याच्या २० व्या कलमान्वये सरकारी आस्थापनेने अशा नोकरास वाजवी सोय करून देणे बंधनकारक आहे. खर्चाचा बाऊ करण्यासही येथे जागा नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' ही आज्ञावली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. कायदा स्पष्ट, साधन फुकट, आणि पदवीधर मनुष्य शिक्के मारीत बसला आहे!

खाजगी धंद्यांची गोष्ट थोडी निराळी. चार टक्के राखीव जागा सरकारी नोकऱ्यांपुरत्याच. परंतु समान संधीचे धोरण जाहीर करणे २१ व्या कलमाने त्यांनाही चुकलेले नाही. ते किती जणांनी केले, हे आमच्या व्यापारी वाचकांनी आपल्याच मनास विचारावे.

साहेबांवर आमचा रोष आहेच. पण क्षमा असावी, थोडा वडिलांवरही आहे. मुलगा सज्ञान आहे, कमावता आहे. त्याच्या वतीने किती दिवस बोलणार? शिवाय वशिल्याने मिळालेली सोय हा उपकार ठरतो. साहेब बदलला की शब्द गेला. दप्तरी दाखल झालेला अर्ज मात्र राहतो. सोय नाकारली गेल्यास २३ व्या कलमान्वये कचेरीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदविता येते. नोंदीपासून दोन आठवड्यांत तिची चौकशी झाली पाहिजे, आणि तेथे समाधान न झाल्यास जिल्हा समितीचे दार मोकळे आहे.

आम्ही मुलापुढे कागद ठेवला. त्याने तो बाजूस सारला, खिशातील मोबाइल काढून अक्षर मोठे केले आणि अर्ज स्वतः लिहून काढला. वडील दोनदा मध्ये बोलू पाहत होते. त्यांना आम्ही चहा दिला. 'मेहेरबानी करून' हे दोन शब्द तेवढे आम्ही गाळावयास सांगितले, व दुसऱ्या प्रतीवर पोच घेण्यास विसरू नये, असे बजावले.