दिलेली ओळ

मराठी निबंध लिहायचा म्हटला, की तुमच्यापैकी बरेच जण "सर, सुचत नाही" म्हणतात आणि गाईड उघडतात.

तरही मुशायरा तुम्हांला ठाऊक आहे. त्यात सर्व शायरांना एकच मिसरा आधी कळवतात. वृत्त, काफिया, रदीफ सारखेच. तरी प्रत्येकाची गझल वेगळी! १८७४ साली लाहोरच्या अंजुमन-ए-पंजाबने मिसऱ्याऐवजी विषय दिले. 'पावसाळा' या विषयावर मौलाना हालींनी 'बरखा रुत' ही कविता लिहिली.

विषय दुसऱ्याचा चालेल. अनुभव मात्र आपलाच हवा. गाईडमधला पाऊस तुमच्या अंगणात कधी पडलेला नाही.

आज बाकावरच्या सोबत्याला एक ओळ द्या, त्याची एक घ्या. चुका होतील, त्या सुधारता येतात. उतरवून काढलेल्या निबंधात मात्र सुधारायला तुमचे असे काहीच नसते.