पोट मोजलं, मन कोणी मोजलं?



मी गोदीत ओझं उचलतो. काचेच्या पेटीवर लिहिलेलं असतं, 'जपून'. पेटी आपटली तर मुकादम आईबहीण काढतो. पोटुशा बाईवर असं कुणी लिहीत नाही.

२४ मार्च २०२०. रात्री आठला हुकूम, बाराला देश बंद. सिंदी मेघेत बहीण सातव्या महिन्यात. धुण्याभांड्याची कामं सुटली. जवाई पुण्यात अडकलेला. ती रात्रभर बसून राहायची. म्हणे, ''दादा, झोपच लागत नाई. वाटते, वेळ आली का मले कोणी दवाखान्यात घेनच नाई.'' तपासणीला नेलं. वजन केलं, बीपी बघितलं, रक्त काढलं. झोपतेस का, रडतेस का, कुणी विचारलं नाही. मीही नाही. 'घाबरू नको' म्हटलं अन् बिडी ओढायला बाहेर गेलो. हा माझा गुन्हा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, विकसनशील देशांत गरोदरपणी शंभरातल्या पंधरा-सोळा बायांना मनाचा आजार होतो, बाळंतपणानंतर जवळजवळ वीस जणींना. हा हिशेब साथीच्या आधीचा. त्यावर टाळेबंदी अन् रिकामा डबा.

मे २०२० मध्ये नाशिकहून मध्य प्रदेशाकडं पायी निघालेली एक मजूर बाई रस्त्यातच बाळंत झाली. दोन तास टेकली, लेकरू घेऊन पुन्हा चालू लागली. तिच्या हिमतीचे गोडवे गायले गेले. तिच्या आत काय मोडलं, ते कुणी विचारलं? अठरा वर्षांवरच्यांना लस १ मे २०२१ पासून खुली, गरोदर बाईला परवानगी २ जुलैला. तोवर दुसरी लाट मढी मोजून ओसरली होती.

अन् आपण? 'डिप्रेशन म्हणजे बंगल्यातल्या बायांचे चोचले' असं आपल्यातलेच क्रांतिकारक म्हणतात. लाज वाटू द्या. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेब गिरणी-कारखान्यातल्या बाळंतिणीच्या पगारी रजेसाठी उभे राहिले. आज कायदा सव्वीस आठवड्यांची रजा देतो, पण दहा माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. चार घरची भांडी घासणारी त्यात बसत नाही. २०१७ च्या कायद्यानं मनाचा इलाज सगळ्यांचा हक्क झाला. कागदावर. दारोदार जाऊन हे विचारू शकते ती आशाताई. तिलाच जून २०२१ मध्ये पैशासाठी संप करावा लागला.

मागणी साधी आहे. प्रत्येक तपासणीत वजनासोबत मनाचं विचारा. बाळंतपणाला जवळचं माणूस आत घ्या. घरकामवालीला पगारी रजा द्या. आशाला पुरा पगार द्या.

भाचा आता शाळेत जातो. बहीण अजून कडी वाजली की दचकते. पुढची साथ येण्याआधी तुमच्या घरातल्या दोन जिवांच्या बाईजवळ बसा अन् विचारा, झोप लागते का? उत्तर येईपर्यंत उठू नका.