वारेवरचा ताण आणि ज्येष्ठांची आठवण

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. तिचे पाय सुजलेले दिसतात, डोके दुखते. ‘गरोदरपणात असे व्हायचेच’ म्हणून आपण तिला पाय उंच करून निजवतो. पायांची सूज पुष्कळदा निरुपद्रवी असते, हे खरे. परंतु चेहरा व हात सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. तो 140/90 वा त्याहून अधिक असेल, तर पुढचे डॉक्टरांनी ठरवावयाचे.

निरोगी गरोदरपणात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वारेला संथ, भरपूर रक्त मिळते. काही स्त्रियांत त्या अरुंदच राहतात. मग वारेला प्राणवायू कधी मिळतो, कधी तुटतो. तीत घातक मुक्त मूलके साचतात. हाच ऑक्सिडीकरणाचा ताण. अशा वारेतून रक्तात उतरणारे घटक मातेच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. रक्तदाब चढतो, लघवीवाटे प्रथिने जातात आणि प्रसंगी झटके येतात.

या ताणावर क आणि ई जीवनसत्त्वांचा उतारा पडावा, ही कल्पना मोहक होती. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह चार देशांतील गर्भवतींवर ती पडताळली. 2009 मध्ये निष्कर्ष आला, लाभ नाही. तेव्हा दुकानातील महागड्या बाटल्या नकोत. मीठ तोडण्यानेही हा विकार टळत नाही. जिथे आहारात कॅल्शियम कमी, तिथे त्याच्या गोळ्यांचा मात्र उपयोग होतो. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात. लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नयेत.

ज्येष्ठांचे खरे काम आठवणीचे आहे. आजीला, आईला वा बहिणीला बाळंतपणात झटके आले होते का? ‘बाहेरची बाधा’ म्हणून विसरलेली ती गोष्ट पहिल्याच तपासणीत सांगावी. माता-बाल संरक्षण कार्डही लेकीसोबत माहेरी यायला हवे. त्यावरील जुना रक्तदाब पाहिल्यावाचून नव्याचा अर्थ लागत नाही.

माहूरच्या डोंगरपट्ट्यात हे अधिकच निकडीचे. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभरहून अधिक किलोमीटर दूर. वाड्या-तांड्यांवरून निघायचे तर 108 क्रमांक आधीच लावावा, रात्र सरण्याची वाट पाहू नये. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, ती चुकवू नये.

वार पडली म्हणजे धोका सरला, असेही नाही. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, म्हणून बाळंतिणीचा रक्तदाब पुढे सहा आठवडे तपासत राहावा. आणि ज्या आजींना त्यांच्या काळी हा त्रास झाला होता, त्यांना उतारवयात हृदयविकाराचा धोका अधिक असतो; सुनेबरोबर दवाखान्यात गेल्यावर त्यांनी आपलाही दंड पुढे करावा.