रोबो उठतो, घरे पडतात

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने संगणकावर एक जुनी मालिका शोधून काढली आणि मला हाक मारली, "बाबा, हाच का तो तुमचा रोबो?" पडद्यावर इजिप्तच्या राजासारखा मुखवटा ल्यालेला, इमारतीएवढा उंच लोखंडी पुतळा उभा होता. त्याच्या पायाशी अर्ध्या चड्डीतला एक मुलगा मनगटावरच्या घड्याळात काहीतरी बोलत होता. मी खुर्ची ओढून बसलो. पाच मिनिटांत पोरगा हसत सुटला. "बाबा, राक्षस रबराचा आहे! आणि ती बिल्डिंग तर पुठ्ठ्याची!"

खरे होते. तरी मी पुढची दोन तास तिथून उठलो नाही. मुलगा केव्हा हसायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला, हे मला कळले नाही.

ज्यांचे बालपण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसमोर गेले, त्यांना 'जायंट रोबो' म्हटले की अधिक सांगावे लागत नाही. आमच्या शिरूर अनंतपाळला तेव्हा टीव्ही असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही पोरे एका आडत्याच्या वाड्यात जमायचो. बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर दाटीवाटी. चित्र मुंग्यांनी भरले की कोणीतरी माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं! ... गेलं!" संवादांतले निम्मे कळत नसत. पण गोष्ट समजायला भाषा लागत नव्हती. एका पोराचे ऐकणारा एक अजस्र रोबो आहे, एवढे समजले की पुरे होते.

ही मालिका मूळची जपानी. मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराच्या कल्पनेवरून तोएई कंपनीने 1967 - 68 मध्ये तिचे 26 भाग काढले. पुढे अमेरिकेत तिचे इंग्रजी रूप झाले, दाइसाकूचा जॉनी सोको झाला आणि तो आपल्याकडे आला. ही चित्रांची मालिका नव्हे. माणसाने रोबोचा वेश घालून छोट्या प्रतिकृतींमध्ये हिंडायचे, असा तो प्रकार. पण तिचे कूळ जपानी कार्टूनचेच. याच योकोयामांनी 1956 मध्ये 'तेत्सुजिन 28' म्हणजे 'लोहपुरुष क्रमांक 28' ही चित्रकथा सुरू केली आणि 1963 मध्ये तिची कार्टून मालिका झाली. जगभरच्या पोरांना वेड लावणाऱ्या राक्षसी रोबोंच्या घराण्याचा मूळपुरुष तो.

आधी या गोष्टीचे बळ कशात आहे ते सांगतो. लहान मुलाचे जगात कोणी ऐकत नाही. घरी वडील सांगणार, शाळेत गुरुजी सांगणार. आणि इथे एक पोरगा घड्याळात बोलतो आणि डोंगराएवढे यंत्र हलते. माझा मावसभाऊ तेव्हा आमच्याकडे राहून शिकायचा. त्याचे गाव किल्लारीकडचे, औसा तालुक्यातले. तो बॉलपेनने मनगटावर घड्याळ काढायचा. मी अंगाने थोराड, म्हणून मी रोबो. घरणी नदीच्या वाळूत तो हुकूम सोडायचा आणि मी दोन्ही हात पुढे करून धावायचो. कधी मी कंटाळून बसलो, तर तो खऱ्याखुऱ्या चिंतेने विचारायचा, "काय झालं रे? बिघडलास का?" यंत्राशी असे मायेने बोलायला त्याला त्या मालिकेनेच शिकवले होते.

दुसरे बळ शेवटच्या भागात आहे. खलनायक सम्राटाला मारावे तर त्याच्या स्फोटात पृथ्वीच जाणार, असा पेच पडतो. तेव्हा रोबो त्याला कवेत धरून आकाशात उडतो. खाली जॉनी घड्याळात जीव तोडून सांगतो, परत ये. सव्वीस भाग शब्द खाली पडू न देणारा रोबो त्या एका वेळी ऐकत नाही. अंतराळातल्या उल्केवर तो स्वतःसकट शत्रूला आदळतो. त्या दिवशी आडत्याच्या वाड्यात कोणी टाळी वाजवली नाही. रबरी राक्षस आणि पुठ्ठ्याची शहरे यांतून इतकी मोठी गोष्ट पोरांपर्यंत पोचते, याला मी कलाच म्हणेन.

आता उणिवा. रबर आणि पुठ्ठा ही मी उणीव धरत नाही. आपल्या दशावतारातही लाकडी तलवारच असते. पण आठवड्यामागून आठवडे तीच रचना: नवा राक्षस, नवा धुमाकूळ, घड्याळात हाक, बोटांतून क्षेपणास्त्रे, संपले. शत्रूला वाईट म्हणण्यापलीकडे त्याचे काही म्हणणेच नाही. शाळकरी पोराच्या हातात सर्रास पिस्तूल. आणि या रोबोत प्राण येतो तो अणुबाँबच्या स्फोटातून! हिरोशिमानंतर अवघ्या बावीस वर्षांनी जपानी मालिकेत हे यावे आणि त्यावर कोणी दोन शब्द बोलू नयेत, याचे आज नवल वाटते.

पण सगळ्यांत मोठी उणीव वेगळी आहे. ती कळायला मला 1993 साल उजाडावे लागले.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून माणसे निजलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. शिरूरला आम्ही अंगणात धावलो. भांडी पडली, भिंतींना तडे गेले, एवढ्यावर निभावले. दिवस उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. मावसभाऊ सुटीला म्हणून आमच्याकडेच आलेला. मिळेल त्या टेंपोने आम्ही निलंग्यावरून निघालो.

दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थरांचे माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. आमच्या मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांचे गुण गायले, तीच घरे माणसांवर बसली होती. सुमारे आठ हजार माणसे गेल्याची नोंद आहे. मावशीच्या गल्लीत गल्ली ओळखू येत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिथे यंत्र आले. चालक परमुलखातला, त्याला घर कुठले, रस्ता कुठला, काहीच ठाऊक नव्हते. मावसभाऊ ढिगाऱ्यावर चढला आणि हाताने खुणा करू लागला, "थोडं इकडं घ्या. हळू. इथं आमची पडवी होती. आई इथंच झोपायची." यंत्राचा लोखंडी हात त्याच्या शब्दासरशी हलत होता, थांबत होता. मी खाली उभा राहून पाहत होतो. आम्ही दोघांनी लहानपणी खेळलेला खेळ माझ्या मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली. मावशी सापडली. तिच्या कुशीत धाकटी होती.

त्यानंतर कित्येक वर्षे मला ती मालिका आठवली की पुठ्ठ्याच्या इमारतीच दिसत. रोबो आणि राक्षस झुंजत असताना त्या पटापट कोसळत, आणि आम्ही शिट्ट्या मारत असू. त्या घरांत कोण होते, हे मालिका कधी सांगत नाही. भाग संपतो, जॉनी हसतो, पुढच्या आठवड्यात शहर पुन्हा उभे. पडलेल्या घराला वजन नसणे, ही या गोष्टीची खरी उणीव. हिंसा दाखवली यापेक्षा, हिंसेनंतरचा दिवस दाखवला नाही, ही माझी तक्रार आहे.

ही तक्रार जपानी लोकांच्याही लक्षात आली असावी, असे मला मुलाने दाखवलेल्या दुसऱ्या मालिकेमुळे वाटते. 'मोबाईल सूट गंडम', 1979 ची, योशियुकी तोमिनो यांची. ही मात्र पूर्ण चित्रांची. तिथे रोबो हुकूम ऐकणारा सवंगडी नसून रणगाड्यासारखे यंत्र आहे, आणि पोराला त्याच्या पोटात बसावे लागते. पहिल्याच भागात वस्तीवर हल्ला होतो. नायक आमुरोच्या शेजारची मुलगी फ्राऊ, तिची आई आणि आजोबा एका स्फोटात तिच्या डोळ्यांदेखत जातात. ती तिथेच बसून रडते. आमुरो तिला कसेबसे पळायला लावतो आणि मगच त्या यंत्राकडे वळतो. पुढे हा पोरगा लढून लढून खंगतो, यंत्रात बसायला नकार देतो. शत्रूकडच्या माणसांनाही घरेदारे आहेत, हेही दिसते. हा भाग पाहताना मी मुलाला म्हणालो, "हे खरं आहे." तो म्हणाला, "बाबा, हे तर कार्टून आहे."

तरी गंडमलाही मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. घाईत काढलेली चित्रे, पुन्हा पुन्हा वापरलेली दृश्ये, रेंगाळणारे भाग हे दोष आहेतच. ठरलेल्या 52 भागांऐवजी ती 43 भागांतच आवरावी लागली. मोठा विरोधाभास पुढे आहे. 1980 पासून तिच्या यंत्रांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बाजारात आल्या आणि तुफान खपल्या. गोष्ट सांगते युद्ध वाईट, आणि दुकान विकते युद्धाचे यंत्र. माझ्याच घरात टेबलावर एक उभे आहे आणि त्याचे पैसे मीच मोजले आहेत, तेव्हा या बाबतीत मी फार बोलू नये.

शाळेच्या पालकसभेत असल्या मालिकांचा विषय निघाला की कोणीतरी उठून म्हणतेच, "हे सगळं बंद करा, पोरं मारकुटी होतात." त्यांची काळजी खोटी नाही. मी माझ्यापुरते उत्तर शोधले आहे आणि ते मला जपानमधल्या कोबे शहराने दिले.

कोबे हे योकोयामांचे जन्मगाव. 1934 चा त्यांचा जन्म. लहानपणी त्यांनी हे शहर युद्धात जळालेले पाहिले. त्यांचा 'तेत्सुजिन' हा गोष्टीत मुळी जपानी लष्कराने युद्धासाठी बनवलेले शस्त्र आहे. युद्ध संपते आणि तो शोतारो नावाच्या पोराच्या हाती येतो. त्याला स्वतःची अक्कल नाही. नियंत्रणाची पेटी चोराने पळवली, तर तो चोराचे ऐकतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी! 17 जानेवारी 1995 ला कोबेत मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे गेली, नागाता भाग आगीत होरपळला. त्याच नागातात, शिन-नागाता स्टेशनाजवळच्या बागेत, 2009 मध्ये लोकांनी तेत्सुजिनचा पन्नास टनांचा लोखंडी पुतळा उभारला. पाय रोवून, मूठ वर करून तो उभा आहे. घरे पडताना ज्यांनी खरोखर पाहिली, त्या माणसांना पुन्हा उभे राहताना घरे पाडणाऱ्या गोष्टींमधला रोबोच आठवला. कारण त्याचे बळ नुसते पाडण्याचे नसते. घड्याळात कोण बोलतो आणि काय बोलतो, यावर ते ठरते.

म्हणून मी म्हणतो, बंदी नको. पोरांना रोबो बघू द्या. फक्त अधूनमधून शेजारी जाऊन बसा. राक्षस पडला की त्यांना टाळी वाजवू द्या, आणि मग हळूच विचारा, "त्या कोपऱ्यातल्या घरात कोण राहत होतं रे?" एवढा एक प्रश्न पुरतो. ज्या गोष्टीला तो पेलतो ती चांगली. जी त्याला टाळते ती नुसती मारधाड.

त्या दिवशी मालिका संपल्यावर मी मुलाला मावशीची गोष्ट प्रथमच सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "काका अजून रोबो बघतात?" मी फोन लावून दिला. मावसभाऊ आता लातूरला असतो, घरे बांधण्याच्या कामावर देखरेख करतो. पोराचा प्रश्न ऐकून तो पलीकडून हसला आणि म्हणाला, "तुझ्या बापाला विचार, बिघडला का म्हणावं. कैक दिवस झाले, घरी आला नाही."