वेग कमी करा, पण सांगून!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझी भाची दोन दिवस साताऱ्याला आमच्याकडे आली होती. पुण्यात एका कंपनीत ती ड्रायव्हर लिहिते. हो, लिहिते! चौतीस वर्षे मराठी शिकवले, पण ड्रायव्हर ही लिहिण्याची गोष्ट आहे हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. संगणकाची मुख्य प्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, असे तिने समजावले. तिच्याकडे काम आहे ते प्रोसेसरचा वेग आणि त्याला मिळणारे व्होल्टेज कमी-जास्त करण्याचे.

मी म्हटले, "वेग कमी कशाला करायचा? दुकानात तर वेगच सांगून विकतात."

"मामा, तुम्ही टाइप करता तेव्हा एका अक्षरानंतर दुसरं अक्षर यायला केवढा वेळ जातो! तेवढ्या वेळात त्याने पूर्ण ताकदीने धावून करायचं काय?"

बोलणे जरा लागले, पण पटले.

मग तिने कागदावर हिशेब मांडला. चिप चालताना जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. नुसता वेग निम्मा केला तर वीज निम्मी लागेल, पण काम दुप्पट वेळ चालेल. म्हणजे फायदा जवळजवळ शून्य! खरी गंमत अशी, की वेग कमी केला की कमी व्होल्टेजवरही चिपचे भागते. तिने २००० सालचे उदाहरण दिले. इंटेलने लॅपटॉपसाठी स्पीडस्टेप नावाची सोय आणली तेव्हाचा पेंटियम थ्री प्रोसेसर भिंतीतल्या विजेवर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्टवर चाले, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर. गुणाकार मी स्वतः केला. वेग पाऊणपट राहतो आणि वीज मात्र निम्म्याच्या थोडी वर, सुमारे ५५ टक्के. चार आणे सोडून जवळजवळ आठ आणे वाचवणे म्हणतात ते हेच!

लिनक्स प्रणालीत वेग किती हवा हे ठरवणाऱ्या भागाला 'गव्हर्नर' म्हणतात. मला आधी राजभवनच आठवले. एक गव्हर्नर कायम सर्वोच्च वेग धरतो, एक कायम सर्वात कमी. 'ऑनडिमांड' नावाचा तिसरा २००४ च्या सुमारास आला. तो ठराविक अंतराने कामाचा भार बघतो, भार मर्यादेपलीकडे गेला की वेग वर नेतो, काम सरले की खाली आणतो. गव्हर्नरने ठरवायचे आणि ड्रायव्हरने ते यंत्राकडून करून घ्यायचे, अशी वाटणी.

त्यात ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एक क्रम चुकवून चालत नाही. वेग वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज वाढवायचे, मग वेग. उतरताना उलट. आधी वेग कमी, मग व्होल्टेज. क्रम चुकला तर बळ अपुरे आणि धाव जास्त अशी अवस्था होते, गणिते चुकतात किंवा संगणक जागच्या जागी गोठतो.

इथवर सगळे छान होते. मग तिने आयफोनची हकिकत सांगितली, आणि मी गप्प झालो.

लिथियमची बॅटरी जुनी झाली की प्रोसेसरने एकदम जोर मागितल्यावर तिला तेवढा विद्युतप्रवाह देता येत नाही. फोन अचानक बंद पडतो. यावर ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये प्रणालीतच उपाय घातला. आयफोन ६, ६ एस आणि एसई या फोनांची बॅटरी थकली असेल तर प्रोसेसरचा वेग आपोआप दाबायचा. उपाय शहाणपणाचा होता, असे माझे आजही मत आहे. पण फोन वापरणाऱ्याला हे कोणी नीट सांगितले नाही. फोन मंद झाला, आता नवा घ्यावा, असे लोकांना वाटले. खरे तर नुसती बॅटरी बदलली असती तर भागले असते. डिसेंबर २०१७ मध्ये वेगाच्या मोजमापांतून हे बाहेर आले, कंपनीने कबूल केले, माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे मार्च २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारी आणि ही वेगमर्यादा बंद करू देणारी सोय आली. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना माहिती दिली नाही म्हणून.

मी गप्प झालो त्याचे कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची थोडी तक्रार झाली. त्यानंतर सकाळच्या गोळ्यांत एक भर पडली. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत चार भिंतीची टेकडी मला चढवेना. पाय जड, धाप नाही पण उत्साहच नाही. वय झाले, असे मी मनाशी ठरवले. टेकडी सोडली. शेजारची दोन मुले संध्याकाळी व्याकरण शिकायला येत, त्यांनाही नको म्हणून सांगितले. वर्षभराने औषधाच्या दुकानातला मुलगा सहज बोलून गेला, "सर, या गोळीने नाडी हळू चालते, थोडं सुस्तावल्यासारखं होतं."

म्हणजे माझाही वेग कोणीतरी खाली आणून ठेवला होता! डॉक्टरांनी माझ्या मुलाला सांगितले होते. मुलाने मला नाही सांगितले. "उगाच काळजी करत बसला असता, नाहीतर गोळीच बंद केली असती," तो म्हणाला.

त्याचे अगदीच चूक नव्हते. मी हट्टी आहे. आणि गोळीही योग्यच होती, थकलेल्या हृदयावरचा ताण ती हलका करत होती. पण ते वर्ष मी स्वतःला संपलेला माणूस समजून काढले, त्याचा हिशेब कोणी धरायचा? जुने झाले म्हणून वेग कमी करायला माझी ना नाही. पण आपण हळू का झालो हे न कळले की माणूस चुकीचे निर्णय घेतो. कोणी चांगला फोन टाकून देतो, कोणी टेकडी.

भाचीने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिले आहे. त्यात एका साध्या फाईलीत सध्या कोणता गव्हर्नर आहे आणि दुसऱ्या फाईलीत वेग किती हे लिहिलेले असते. कोणीही उघडून वाचावे. बदलायला मात्र पासवर्ड लागतो. मला ही रीत आवडली. बदलण्याचा अधिकार सगळ्यांना नसेल, वाचण्याचा असावा. आता इंटेलच्या चिपमध्ये २०१५ पासून हे वेगाचे बरेचसे निर्णय चिप स्वतःच घेऊ शकते, प्रणालीने फक्त इशारा द्यायचा. निर्णय असे आत आत जात असतील तर ते उघड्यावर लिहून ठेवण्याची गरज वाढतेच.

असो. गोळी मी बंद केलेली नाही. डॉक्टरांना भेटून मात्रेबद्दल विचारले, त्यांनी ती थोडी कमी केली. चार भिंतीला पुन्हा जातो, मध्ये दोनदा बसतो. मुले गुरुवारपासून परत येणार आहेत. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या गोळ्या कशाच्या आहेत हे माहीत आहे का? आज विचारून बघा.