एकोच्या चिठ्ठीला घाबरू नका

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येऊन गेले की काही पालक चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीचे अब्बू आले. चिठ्ठीवर लिहिले होते : टुडी एको करावा. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, मुलीची जात आहे. दिलात दोष आहे असं पसरलं तर उद्या तिला कोण पत्करेल? राहू द्या."

आम्हीही गप्प बसलो. चिठ्ठी महिनाभर आमच्या खणात पडून राहिली. ही आमची चूक. एके दिवशी परिपाठाला उभी असताना मुलीला धाप लागली, तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो आणि सगळे मिळून भंडाऱ्याला गेलो.

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. भांडे घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, चीर असेल तर कळते. एकोचे तत्त्वही काहीसे असेच. कानाला ऐकू न येणारा ध्वनी छातीत सोडतात, त्याच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते. 1953 साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यातून धातूतले दोष शोधणारे यंत्र उसने आणून या तपासणीची सुरुवात केली.

ई.सी.जी.त हृदयातल्या विजेची नोंद होते. एकोत मात्र झडपा, पडदे, कप्पे चालताना दिसतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. छातीवर थंड जेल लावून यंत्र फिरवतात. पडद्यावर लाल-निळे रंग दिसतात. त्यांना चांगले-वाईट रक्त समजू नका; लाल म्हणजे यंत्राकडे येणारा प्रवाह, निळा म्हणजे दूर जाणारा.

त्या मुलीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघाले. अशी काही छिद्रे छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून बंद करता येतात. काही लहान छिद्रे वयाबरोबर आपोआप भरतात. कोणते छिद्र कसले, हे एकोशिवाय ठरत नाही. उशीर झाला तर फुप्फुसांवर ताण वाढतो आणि उपचार अवघड होतात.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणी होते, पुढचे उपचारही मोफत मिळतात. पथकात महिला डॉक्टरचीही तरतूद आहे. एकोच्या वेळी मुलीजवळ अम्मीला थांबू द्या, असे निःसंकोच सांगा.

बाळ दूध पिताना दमत असेल, ओठ निळे पडत असतील, वजन वाढत नसेल, तर थांबू नका. घसा दुखून ताप आल्यावर काही दिवसांनी सांधे सुजले तरी दाखवा; त्या तापाने झडपा खराब होतात.

मुलीच्या स्थळाची चिंता आम्हाला कळते. पण दोष लपवल्याने मिटत नाही. आता आमच्या खणात एकही चिठ्ठी राहत नाही. तुमच्या घरच्या कपाटात असेल, तर आजच काढा.