पट्ट्यांमागची भेसळ

ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या ज्या वळणावर झीब्रा प्लेको हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोटभर मासा राहतो, तिथले बरेचसे पाणी बेलो मोंते धरणाने पळवले आहे. २०१६पासून तिथे वीज तयार होते आणि सुमारे १०० किलोमीटरच्या टापूत नदी रोडावली आहे. या माशाला दुसरे नैसर्गिक घर नाही. उद्या तिथून तो संपला, तर उरेल तो हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत. आणि नेमकी तिथेच त्याच्या वंशात भेसळ सुरू आहे.

ती कोणी मुद्दाम करते असे नाही, म्हणून ती अधिक घातक. टाकी एक, हौस दांडगी; मग झीब्राशेजारी त्याच्याच हायपॅन्सिस्ट्रस गटातले ‘एल ६६’ किंवा ‘एल ३३३’ येऊन बसतात. (शास्त्रीय नाव मिळण्याआधी मासा ओळखता यावा म्हणून एका जर्मन मासिकाने १९८८मध्ये सुरू केलेले हे क्रमांक.) नर गुहा धरून बसतो. आपल्या जातीची मादी नसली तर शेजारची चालते. जेमतेम दहा-पंधरा अंडी. ती नर पंखांनी वारा घालत राखतो. काही आठवड्यांनी पिल्ले गुहेबाहेर दिसली, की मालक हरखून फोटो काढतो. बाप कोण हे त्याने पाहिलेले असते. आई कोण, याची चौकशी कोणी करत नाही.

पहिल्या पिढीचे पट्टे तुटक असतात, मध्येच ठिपके डोकावतात. जाणकाराला संशय येतो. पण ही पिल्ले वांझ असतीलच असे नाही. त्यांची पुन्हा झीब्राशी जोडी जमली, की पुढच्या पिढ्यांत पट्टे सरळ होत जातात आणि नुसत्या डोळ्यांना काही कळेनासे होते. मग असा मासा झीब्राच्या चढ्या भावाने खपतो, दुसऱ्याच्या टाकीत जातो, तिथे पिल्ले घालतो.

२०२२मध्ये पनामात भरलेल्या साइटिस या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेने नदीतून पकडलेल्या झीब्राच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्यावर आणला. निर्णय योग्यच. पण त्यामुळे बाजाराची सगळी भिस्त टाकीत जन्मलेल्या माशांवर आली, आणि त्यांचा वंश निर्भेळ आहे की नाही हे परवान्याच्या कागदावरून कळत नाही.

आपल्या उजनी धरणावरच्या मच्छीमारांना याच कुळाची दुसरी बाजू ठाऊक आहे. टाकीत मावेनात म्हणून पाण्यात सोडलेल्या सकर माशांची प्रजा तिथे जाळी फाडते. आशियातल्या कित्येक पाण्यांत तर या सकरांच्या दोन जातींची नक्षी इतकी मिसळली आहे, की अभ्यासकांनाही त्या वेगळ्या करणे अवघड जाते.

हौशी मंडळींना हे झोंबेल; झोंबू द्या. एका टाकीत हायपॅन्सिस्ट्रसची एकच जात ठेवा. आईबापांची नोंद नसलेला झीब्रा विकत घेऊ नका. चुकून संकर झालाच, तर ती पिल्ले मरेपर्यंत स्वतःच सांभाळा. विकू नका, मित्राला देऊ नका, नाल्यात तर मुळीच सोडू नका.